जुन्या संगणकाचा वाली कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेत कारकुनाने बटण दाबले तेव्हा पडदा नेहमीसारखाच उजळला, खतावणी उघडली, पावत्या छापल्या गेल्या. त्यामुळे या घटनेने कोठे खळबळ माजली नाही, आणि राजकीय कार्यकर्त्यांनी तिची दखल घेण्याचा तर प्रश्नच उद्भवला नाही. वस्तुतः त्या दिवशी जगभरातील कोट्यवधी यंत्रे चालू स्थितीतच पोरकी झाली. यापुढे त्यांच्यात जे दोष आढळतील ते दुरुस्त करण्याची जबाबदारी, ठरावीक मुदतीची जादा व्यवस्था सोडल्यास, कोणाचीच राहिली नाही.

ही जादा व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. घरगुती ग्राहकाला ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर झाली. तिच्यासाठी ३० डॉलर भरावेत, किंवा आपल्या संगणकावरील मांडणीची प्रत कंपनीच्या खात्यात ठेवावी, असे पर्याय देण्यात आले. संस्थांसाठी पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढील दोन वर्षे दर वर्षी आधीच्या वर्षाच्या दुप्पट, असा दर ठरला. युरोपातील ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर तेथील घरगुती ग्राहकांना हीच सेवा पैसे न घेता देण्यात आली. म्हणजे ती विनामूल्य देणे अशक्य होते असे नाही. मागणारा संघटित होता की नव्हता, एवढाच काय तो फरक.

नवी ‘विंडोज ११’ घ्यावी म्हटले, तर तिला ठरावीक पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते. साधारणतः २०१७-१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे या अटीत बसत नाहीत. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस असा अंदाज वर्तवला होता की, या अटीमुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाण्याची शक्यता आहे. यांपैकी असंख्य यंत्रांचे सुटे भाग धडधाकट आहेत. ती झिजली म्हणून निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांना मदत करणारा हात काढून घेतला गेला म्हणून ठरतात. जुने यंत्र बिघडल्यास त्याच्या मदतीला कोणी यावे, कोणत्या वाटेने यावे आणि त्या वाटेवर कोणाचा ताबा असावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

जुने म्हणजे टाकाऊ नव्हे

जुनी यंत्रे वापरणारा माणूस हौशीने किंवा आळसाने ती वापरतो, असा एक समज सुखवस्तू वर्गात रूढ आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. मराठी मुलुखातील लहान छापखान्यांचेच उदाहरण घ्यावे. युनिकोड येण्यापूर्वीच्या काळात मराठी अक्षरजुळणी ‘श्रीलिपी’, सी-डॅकची ‘आयएसएम’ अशा निरनिराळ्या सॉफ्टवेअरवर होत असे आणि प्रत्येकाची अक्षरे साठवण्याची पद्धत वेगळी असे. पाने लावली जात ती ‘पेजमेकर’मध्ये. त्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली निघाली. अशा फायली नव्या संगणकावर उघडल्या तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. काही सॉफ्टवेअर तर संगणकाच्या मागे डोंगल नावाचे छोटे कुलूप लावल्याखेरीज चालतच नसत, आणि ते कुलूप बसण्याची खाचही नव्या यंत्रांत उरलेली नाही. दिवाळी अंकांचे, संस्थांच्या अहवालांचे, स्मरणिकांचे वीस-वीस वर्षांचे संचित अशा एखाद्या जुन्या यंत्रात असते. ते यंत्र गेले की यंत्राबरोबर संचितही गेले.

हा केवळ गरिबीचा किंवा मागासलेपणाचा प्रश्न आहे, असेही नव्हे. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे अमेरिकेत बेकारांचे लोंढे भत्त्यासाठी अर्ज करू लागले, तेव्हा न्यू जर्सी राज्याची दशकानुदशके जुनी संगणकयंत्रणा त्या भाराखाली अडखळली, आणि राज्यपाल फिल मर्फी यांना कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन करावे लागले. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील बेकाराच्या ताटातील घास एका जुन्या आज्ञावलीवर आणि ती जाणणाऱ्या, बहुधा निवृत्त झालेल्या माणसांवर अवलंबून होता. यंत्र जुने झाले तरी त्यावर टेकलेले जीवन जुने होत नाही.

दुरुस्ती असते, पण पोहोचत नाही

याला कंपन्यांचे एक ठरलेले उत्तर असते: कोणत्याही वस्तूची देखभाल अनंत काळपर्यंत करता येत नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जुन्या आज्ञावल्या तपासत राहण्यास कुशल मनुष्यबळ लागते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगालाही ही मर्यादा चुकलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’ या लिनक्स-आवृत्तीने जुन्या ३२-बिटी संगणकांचा पूर्ण आधार सोडला. तथापि दोहोंत एक मूलभूत भेद आहे. डेबियनने सोडलेल्या मालाची मूळ संहिता सर्वांसमोर उघडी आहे. ज्याला गरज आहे त्याने, किंवा गरजवंतांच्या गटाने, ती पुढे चालवावी. मायक्रोसॉफ्टने सोडलेल्या मालाला मात्र कुलूप तसेच राहते. कंपनी स्वतः दुरुस्त करणार नाही आणि दुसऱ्यालाही करू देणार नाही. देखभाल थांबवण्याचा अधिकार तिला असू शकेल. इतरांनी देखभाल करू नये असे ठरवण्याचा अधिकार तिला कोणी दिला?

मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या हल्ल्याने या व्यवहारावर प्रखर प्रकाश टाकला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती त्या वेळी कुलूपबंद झाली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत हजारो रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ‘विंडोज एक्सपी’ची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली होती. पण स्वतंत्र करार करून पैसे भरणाऱ्या बड्या ग्राहकांसाठी एक्सपीच्या दुरुस्त्या त्यानंतरही तयार होतच होत्या. हल्ला झाल्यावर कंपनीने ती राखीव दुरुस्ती सर्वांसाठी खुली केली. औषध कपाटात होते. कपाट आग लागल्यावर उघडले गेले.

याच घटनेची दुसरी बाजूही कार्यकर्त्यांनी ध्यानात घेतली पाहिजे. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे एक्सपीची नव्हती, ती ‘विंडोज ७’ची होती. त्यांच्यासाठीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच विनामूल्य उपलब्ध झाली होती, पण ती बसवायला त्या यंत्रांपर्यंत कोणी पोहोचले नव्हते. तात्पर्य, दुरुस्ती तयार असणे हे अर्धे काम. ती यंत्रापर्यंत नेणारा जाणता माणूस असणे हे उरलेले अर्धे काम. दूरसाहाय्याचा विषय येथूनच सुरू होतो.

दूरच्या मदतीतील तिसरा माणूस

दूरसाहाय्याची कल्पना साधी आहे. मदत करणाऱ्याला अडलेल्याच्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर दिसतो आणि त्याच्या कीबोर्डवरील आघात तिकडच्या यंत्रात उमटतात. २००१ सालच्या ‘विंडोज एक्सपी’तच ही सोय अंगभूत होती. अडलेल्याने आमंत्रण आणि संकेतशब्द पाठवायचा आणि जाणत्याने तो वापरून यायचे, अशी तिची रीत होती. त्याआधी केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या संशोधनशाळेत ‘व्हीएनसी’ ही पडदा दुरून पाहण्याची पद्धत विकसित झाली आणि तिची संहिता खुली करण्यात आली. लिनक्सच्या जगात तर पडद्याचे चित्रही पाठवावे लागत नाही. फिनलंडमध्ये १९९५ साली तयार झालेल्या ‘एसएसएच’ या साधनाने केवळ अक्षरांची देवाणघेवाण करून, अत्यंत क्षीण जोडणीवरूनही, दुसऱ्या गावचे यंत्र दुरुस्त करता येते. वीस वर्षांपूर्वीच्या संगणकालाही हा भार जड नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे जुन्या यंत्रावर नवी साधने चालत नाहीत. एक्सपीवरचा मूळ ब्राउझर आजच्या संकेतस्थळांची सांकेतिक लिपीच ओळखत नाही. त्यामुळे मदतीचे साधन उतरवून घेण्याचे पानसुद्धा त्यात उघडत नाही. मदत हवी म्हणून साधन हवे, आणि साधन मिळवायला आधी मदत हवी, असा हा पेच आहे. अशा वेळी दूरवरच्या तज्ज्ञाला टेलिफोन, पेनड्राइव्ह आणि यंत्राशेजारी उभा असलेला एखादा धीराचा माणूस, यांच्याच आधारे काम करावे लागते. शेवटची चार पावले माणसालाच चालावी लागतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. घरातला किंवा कचेरीतला संगणक बाहेरून थेट गाठता येत नाही, कारण अनेक यंत्रे मिळून एकच बाह्य पत्ता वापरत असतात. म्हणून दोन्ही बाजू एका मध्यस्थ सर्व्हरशी जोडल्या जातात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. म्हणजे दूरच्या मदतीत दिसतात दोन माणसे. पण असतात तिघे. हा तिसरा, मध्यस्थ, बहुधा खाजगी कंपनीच्या मालकीचा असतो. त्याने ठरवले तर जुन्या यंत्रांची जोडणी तो नाकारू शकतो, त्याने ठरवले तर फुकट असलेली सेवा उद्या भाड्याची होऊ शकते, आणि त्याच्या घरी चोरी झाली तर सर्वांनाच घोर लागतो. ‘एनीडेस्क’ या लोकप्रिय सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे स्वतःच जाहीर केले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, हे या संदर्भात विसरता येत नाही. ‘रस्टडेस्क’सारख्या मुक्त साधनांत मध्यस्थ सर्व्हर आपला आपण चालवता येतो. एखादा जिल्हा सहकारी संघ, विद्यापीठ किंवा राज्याची ग्रंथालय-यंत्रणा तो सहज चालवू शकेल. तांत्रिक अडथळा येथे नाहीच. उणीव आहे ती इच्छेची.

किल्ली आणि विश्वास

आपल्या यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे ही विश्वासाची परिसीमा होय. त्या विश्वासाचा बाजार कसा मांडला जातो हे गेल्या दहा वर्षांत पुरेसे स्पष्ट झाले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना इशारा दिला की, मोबाइलवर दूरसाहाय्याचे साधन उतरवायला लावून खात्यांतील पैसे लांबवले जात आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने देशभर अनेक ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत बड्या परदेशी कंपन्यांचे तांत्रिक साहाय्यक असल्याची बतावणी करून परदेशातील लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरे होती. बळी पडणाऱ्यांत वृद्ध माणसे मोठ्या संख्येने असतात, आणि जुने यंत्रही बहुधा त्यांच्याच घरी असते. अधिकृत मदत संपलेली असते, पडदा अचानक लाल होतो, त्यावर एक टेलिफोन नंबर झळकतो. बुडत्याला काडीचा आधार हवा असतो आणि काडी विकणारा दबा धरून बसलेला असतो.

यावर दूरची मदत बंदच करावी, असा उपाय काही लोक सुचवतात. तो उफराटा आहे. जेथे विश्वासाची, ओळखीची, उत्तरदायी मदत नसते तेथेच भामट्याचे फावते. गावात डॉक्टर नसला म्हणजे लोक आजारी पडायचे थांबत नाहीत. ते वैदूकडे जातात.

जो हात दुरून दुरुस्ती करू शकतो तो दुरून कुलूपही लावू शकतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियन भागभांडवल असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले, आणि त्यापाठोपाठ गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या या कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट-सेवा थांबवण्यात आल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. नायराच्या भागधारकांविषयी कोणाचे मत काहीही असो, भारतीय भूमीवरील एका उद्योगाची कचेरी परक्या भूमीवरील निर्णयाने अशी खोळंबू शकते, ही बाब कोणाही स्वाभिमानी नागरिकाला विचार करायला लावणारी आहे. ज्याच्यापाशी वकिलांची फौज आहे तो न्यायालयात गेला. पतसंस्थेच्या कारकुनाने कोणाचे दार ठोठवावे?

१९७८ चा विसरलेला धडा

पोरक्या यंत्रांचा प्रश्न या देशापुढे पहिल्यांदाच उभा राहिलेला नाही. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना आपले भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग होते. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, आयबीएमने ही अट मानण्यास नकार दिला आणि १९७८ मध्ये तिने भारतातील कारभार गुंडाळला. आयबीएम येथे १४०१ या जातीची यंत्रे भाड्याने देत असे. हे यंत्र १९५९ साली अमेरिकेत जाहीर झालेले होते आणि तेथे त्याची पुढची पिढी केव्हाच आलेली होती. परदेशातील वापरलेला माल येथे डागडुजी करून भाड्याने लावला जातो, अशी टीका त्या काळी सातत्याने होत असे.

या घटनेचे स्मरण आजही होते ते ‘आयबीएमला घालवले’ एवढ्याच वाक्यात. कोणी ते अभिमानाने उच्चारतो, कोणी कुचेष्टेने. दोघांच्याही नजरेतून खरी गोष्ट निसटते. कंपनी जाणे सोपे होते. तिची यंत्रे मागे चालू ठेवणे कठीण होते. ते काम सीएमसी म्हणजे कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक उपक्रमाने केले. त्याची स्थापना १९७५ च्या अखेरीसच, म्हणजे जनता सरकार येण्यापूर्वी, झालेली होती. तेव्हा याचे श्रेय कोणा एका सरकारच्या पदरात घालण्याचे कारण नाही. १९७८ मध्ये सीएमसीने देशभरातील आठशेहून अधिक ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल अंगावर घेतली. आयबीएममधील अनेक अभियंते तिच्या सेवेत आले. निर्माता निघून गेला तरी यंत्रे चालू राहिली, कारण त्यांची जाण असलेली माणसे एका सार्वजनिक छताखाली एकत्र आली होती.

पुढे याच देखभालीच्या शाळेतून निर्मितीची क्षमता वाढली. रेल्वेच्या आरक्षणाची संगणकीय व्यवस्था १९८० च्या दशकाच्या मध्यास प्रथम दिल्लीत उभी राहिली, ती सीएमसीच्याच हातून. दुसऱ्याने केलेले यंत्र दुरुस्त करता करता माणूस ते कसे घडते हे शिकतो. देखभालीला दुय्यम काम मानणाऱ्यांनी हा अनुभव तपासून पाहावा. २००१ मध्ये सरकारने सीएमसीचे ५१ टक्के भाग टाटा समूहाला विकले आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. आयबीएम तर १९९२ मध्येच, टाटांशीच भागीदारी करून, परत आली होती. पण सार्वजनिक देखभाल ही जी कल्पना सीएमसीच्या रूपाने मूर्त झाली होती, तिच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही.

दिव्याखाली अंधार

विपर्यास असा की, जगाच्या जुन्या यंत्रांना दुरून मदत करण्यात या देशाइतका वाकबगार देश दुसरा क्वचितच असेल. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढून उपग्रहामार्फत आपल्या परदेशातील यंत्रणेशी जोडणी केली, तेव्हापासून दूरस्थ कामाचा हा राजमार्ग खुला झाला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘वायटूके’ची धास्ती पसरली. जुन्या मेनफ्रेम संगणकांत वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेले असल्याने सन २००० मध्ये ते कोसळतील अशी भीती होती. त्या वेळी अमेरिका-युरोपातील कोबोल आज्ञावल्या ओळ अन् ओळ तपासण्याचे किचकट काम फार मोठ्या प्रमाणावर भारतीय तंत्रज्ञांनी केले. आजही पुण्या-मुंबईतील हजारो तरुण-तरुणी रात्रपाळीला बसून सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाचा अडलेला संगणक सोडवून देतात. त्याच रात्री, त्याच जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतला संगणक ‘दुरुस्तीअभावी बंद’ अशी चिठ्ठी चिकटवून कपड्याखाली झाकलेला असतो. कौशल्य येथले आहे, श्रम येथले आहेत. पण ते कोणाच्या मदतीला धावायचे हे ठरवणारा येथला नाही.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत २०११ पासून ‘संग्राम’ आणि पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या योजनांखाली संगणक परिचालक काम करीत आले आहेत. दाखले, नोंदी, ऑनलाइन अर्ज यांचा गाडा ते ओढतात आणि यंत्र अडले की गावात जाणता माणूस म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवले जाते. त्यांना शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा नाही, वेतनाऐवजी मानधन मिळते, आणि त्यासाठीही वेळोवेळी मोर्चे काढावे लागले आहेत. दूरच्या तज्ज्ञाची मदत ज्या हातांनी यंत्रापर्यंत पोहोचायची ते हेच हात होत. त्या हातांना कसले प्रशिक्षण मिळते, कोणाचे पाठबळ मिळते आणि किती मोबदला मिळतो, याचे उत्तर समाधानकारक नाही.

काय करता येईल

हे सर्व अपरिहार्य आहे असे मानण्याचे कारण नाही. केरळात २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा शालेय प्रकल्प सुरू झाला आणि पुढे त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग पत्करला. त्याच्या जागी २०१७ मध्ये ‘काइट’ ही शासकीय कंपनी आली. शिक्षकांनाच प्रशिक्षक बनवण्यात आले, शाळांच्या गरजेप्रमाणे लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करण्यात आली, आणि ‘लिटल काइट्स’ या मंडळांतून विद्यार्थ्यांनाही यंत्रांची ओळख करून देण्यात आली. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणक या पद्धतीवर चालत होते, आणि परवान्यांच्या खर्चात सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा ‘काइट’चा दावा होता. वाचलेल्या पैशापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, तेथे यंत्र कधी जुने झाले हे ठरवायला परदेशी कंपनीच्या वेळापत्रकाकडे पाहावे लागत नाही. महाराष्ट्रात तर सी-डॅकसारखी संस्था १९८८ पासून पुण्यातच आहे. मनुष्यबळाची वाण येथे नाही.

मागण्या कोणत्या असाव्यात हे यावरून स्पष्ट होते. कंपनीने एखाद्या कार्यप्रणालीची देखभाल थांबवली, तर पैसे भरणाऱ्यांसाठी तयार होणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या तिने सर्वांना दिल्या पाहिजेत. आणि तेही थांबल्यावर इतरांना देखभाल करता येईल इतपत माहिती खुली केली पाहिजे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. त्या हक्काच्या व्याख्येत सुट्या भागांइतकीच सॉफ्टवेअरची दुरुस्तीही यायला हवी. राज्य पातळीवर सार्वजनिक देखभाल सेवा उभारून तिच्या मालकीचा मध्यस्थ सर्व्हर असावा, आणि शाळा, ग्रंथालये, पतसंस्था, ग्रामपंचायती यांना मराठीतून दूरसाहाय्य मिळावे. संगणक परिचालकांना या सेवेचे कुशल कर्मचारी म्हणून मान्यता आणि वेतन मिळावे. पुढील सरकारी खरेदीत अशी अट असावी की, माहिती कोणत्याही दुसऱ्या यंत्रावर उघडेल अशाच स्वरूपात साठवली जाईल.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. संघटनेच्या प्रत्येक तालुका कचेरीत चार-दोन तरुण असे निघतील की ज्यांना हे काम येते. त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ यासाठी राखावी. मदतीची शिस्त मात्र काटेकोर असली पाहिजे. प्रथम, मदत मागणाऱ्याने ओळखीच्या माणसाला स्वतः फोन करावा. आपण होऊन आलेला फोन ही मदत नव्हे, हे घरोघर सांगितले जावे. पडद्यावर आलेला संदेश, इंग्रजी असला तरी, अक्षर अन् अक्षर वाचून दाखवावा. ‘काहीतरी आले आणि गेले’ एवढ्यावर कोणताही तज्ज्ञ निदान करू शकत नाही. कशालाही हात लावण्यापूर्वी माहितीची प्रत बाहेर काढून ठेवावी. मदत करणाऱ्याने पासवर्ड विचारू नये, बँकेचे पान उघडे असताना पडदा पाहू नये, आणि प्रत्येक पायरी करताना ती शब्दांत सांगावी, म्हणजे अडलेला माणूस पुढच्या वेळी निम्मे काम स्वतः करील. यंत्राचा मालक समोर बसलेला असावा आणि त्याने ‘पुरे’ म्हणताच जोडणी तुटली पाहिजे. काम संपल्यावर साधन काढून टाकावे आणि काय बिघडले, काय केले, याची नोंद यंत्राशेजारच्या वहीत करावी. फारच जुने यंत्र असेल तर ते इंटरनेटपासून तोडून केवळ त्याच्या नेमक्या कामापुरते चालवावे, आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार शेजारच्या दुसऱ्या, सुरक्षित यंत्रावरून करावा. ज्या यंत्राचे प्रकृतिमान चांगले आहे त्यावर लिनक्स बसवून त्याचे आयुष्य वाढवावे. पण ते वापरणाऱ्याच्या संमतीने, आणि बसवणाऱ्याने पुढे वर्षभर हाकेला ओ देण्याची तयारी ठेवूनच.

ही शिस्त क्षुल्लक वाटेल. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे मूळही एका क्षुल्लक अडचणीतच आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक छपाईयंत्र वारंवार अडत असे. रिचर्ड स्टॉलमन यांना ते सुधारायचे होते, पण त्याची संहिता त्यांना नाकारण्यात आली. अशा अनुभवांतून पुढे १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. शेजाऱ्याला मदत करण्याची मुभा असावी, एवढीच त्यामागची मूळ प्रेरणा होती.

१९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्यातील कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला, तेव्हा कामगार चळवळीपुढचा प्रश्न ‘हे यंत्र यावे की नाही’ असा होता. तो प्रश्न काळाने निकालात काढला. यंत्र आले आणि घरोघर पोहोचले. आता ते म्हातारे होऊ लागले आहे, आणि त्याचे म्हातारपण कोणाच्या हिशेबाने ठरायचे हा नवा प्रश्न समोर आहे. विकणाऱ्याच्या हिशेबाने ठरले, तर ते दर काही वर्षांनी ठरलेल्या तारखेला येईल आणि त्याचा खर्च दर वेळी पतसंस्थेच्या, शाळेच्या आणि छापखान्याच्या माथी बसेल. वापरणाऱ्याच्या हिशेबाने ठरवायचे असेल, तर त्याला वेळेवर मदत करणारी, ओळखीची आणि उत्तरदायी माणसे आजपासूनच जोडावी लागतील. ऑक्टोबर २०२५ ची तारीख येऊन गेली. अशी पुढची तारीख येण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील पोरक्या यंत्रांची यादी तरी कार्यकर्त्यांच्या हाती असावी.